एडिसन ते ऑरलँडो, आई-बाबांना घेऊन: आय-९५ चा हिशोब कुठून मांडायचा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे काही निसटलं असेल तर तुमच्या लगेच लक्षात येईल. न्यू जर्सीत येऊन तुम्हाला दोन वर्षं झाली. साताऱ्याहून आई-बाबा आले आहेत, दोघंही सत्तरीच्या आसपास. मुलं सहा आणि अकरा वर्षांची. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात स्वतःच्या मिनीव्हॅनने ऑरलँडोला जायचं आहे. शुक्रवारी ऑफिस सुटलं की निघायचं, तुम्ही आणि पत्नी आळीपाळीने रात्रभर चालवणार, आणि शनिवारी दुपारी हॉटेलवर. ऑफिसमधल्या कोणीतरी आय-९५, म्हणजे पूर्व किनाऱ्याने दक्षिणेला जाणारा नेहमीचा महामार्ग, टाळून आतल्या बाजूच्या आय-८१ ने जा असं सुचवलंय. कुठला रस्ता घ्यावा, किती दिवस धरावेत आणि मुक्काम कुठे करावा, एवढं तुम्ही विचारलंय.

मी सोळा वर्षं मध्य जर्सीतल्या एका मालवाहतूक कंपनीत ट्रकांच्या फेऱ्या आखते. कुठला ड्रायव्हर किती वाजता निघेल, कुठे थांबेल, कुठे झोपेल हे ठरवणं माझं रोजचं काम. शिवाय सासू-सासरे आणि मुलं घेऊन हाच रस्ता स्वतः नऊ वेळा गेले आहे. त्यामुळे पहिलं सांगते ते हे की शुक्रवारी रात्रीचा बेत रद्द करा. त्याचं कारण पुढे येईलच.

एडिसन ते ऑरलँडो साधारण १०६५ मैल, म्हणजे सतराशे किलोमीटरच्या थोडं वर. फोन हे सोळा-सतरा तासांत बसवून दाखवतो. त्या आकड्यात लघवीला थांबणं नाही, गॅस (म्हणजे पेट्रोल) भरणं नाही, बाबांचे आखडलेले गुडघे नाहीत, आणि वॉशिंग्टन तर मुळीच नाही. बहुतेक लोक मैल मोजतात, त्यांना दिवसांनी भागतात आणि मुक्काम ठरवतात. मी उलटं करते. या अख्ख्या रस्त्यावर एकच तुकडा असा आहे की त्याच्यावर सगळा दिवस अवलंबून असतो. वॉशिंग्टनचा बेल्टवे, म्हणजे शहराभोवतीचा वळणरस्ता, लागतो तिथपासून व्हर्जिनियातल्या फ्रेडरिक्सबर्गपर्यंतचे सत्तर-पंचाहत्तर मैल. तो तुकडा सव्वा तासातही होतो आणि तीन तासांतही. म्हणून तिथे किती वाजता असायचं हे आधी ठरवायचं, मग तिथून मागे मोजत घरून निघायची वेळ काढायची, आणि पुढे मोजत मुक्काम.

शुक्रवारी संध्याकाळी सहाला निघालात तर न्यू जर्सी टर्नपाइक या टोलरस्त्यावर घरी परतणाऱ्यांची आणि सुट्टीला निघालेल्यांची गर्दी एकत्र मिळेल. वॉशिंग्टन रात्री साडेदहा-अकराला. ते एक वेळ मोकळं सापडेल. पण त्यापुढचा नॉर्थ कॅरोलिना तुम्ही पहाटे दोन ते पाचमध्ये पार कराल, दिवसभर काम केलेल्या शरीराने. आमच्या ट्रक ड्रायव्हरला कायद्याने सलग दहा तास विश्रांती झाल्याशिवाय नवी पाळी सुरू करता येत नाही. पाळी सुरू झाली की चौदा तासांच्या आत जास्तीत जास्त अकरा तास गाडी चालवता येते, आणि आठ तास चालवून झाल्यावर अर्धा तास थांबावंच लागतं. हे नियम पोटासाठी गाडी चालवणाऱ्या, सरावलेल्या माणसांसाठी आहेत. आठ तास स्क्रीनसमोर बसून उठलेल्या माणसाने त्यांच्यापेक्षा जास्त चालवू नये, हे मी घरच्यांनाही हात जोडून सांगते.

हे पुस्तकी बोलत नाही. आमच्या दुसऱ्या फेरीत आम्हीही असेच रात्री निघालो होतो. साउथ कॅरोलिनात पहाटे पावणेपाचला मी चालवत होते, शेजारी सासरे, मागे सगळे गाढ. मला वाटत होतं की मी जागी आहे. एकाएकी टायरखालून घरघर आवाज आला, कडेच्या खाचांवर गाडी गेली होती. मामंजींनी फक्त माझ्या हातावर हात ठेवला. पुढच्या एक्झिटला उतरलो आणि सूर्य वर येईपर्यंत गॅस स्टेशनच्या दिव्याखाली बसून राहिलो. त्या पट्ट्यात तेव्हा एका बाजूला दोनच लेन, शोल्डरपलीकडे लगेच पाइनची झाडं. त्या खाचा नसत्या तर, हा विचार अजूनही मनातून जात नाही. दोघं आळीपाळीने चालवू म्हणतात ना, तेव्हा प्रत्यक्षात असं होतं की दुसऱ्याला चालत्या गाडीत धड झोप लागत नाही आणि पहाटे दोघंही सारखेच पेंगुळलेले असतात.

तेव्हा माझा बेत असा. शुक्रवारी ऑफिसातून आल्यावर काहीही भरायचं नाही, गाडी गुरुवारीच भरून ठेवायची. पहिली पाळी जो चालवणार त्याने आठला झोपायचं. शनिवारी पहाटे चारला घर सोडायचं. सव्वापाच-साडेपाचला डेलावेअर मेमोरियल पूल, सव्वासहाच्या सुमारास मेरीलँड हाउस हा महामार्गावरचा थांबा, तिथे वीस-पंचवीस मिनिटं चहा आणि पाय मोकळे. सातच्या पुढे बाल्टिमोरचा बोगदा, पावणेआठला बेल्टवे, सव्वाआठच्या आसपास पोटोमॅकवरचा वुड्रो विल्सन पूल, आणि नऊच्या सुमारास फ्रेडरिक्सबर्ग मागे. सुट्टीतल्या शनिवारी दहानंतर हाच पट्टा दक्षिणेच्या बाजूने तुंबायला लागतो. पहाटे चार ते सहा शरीराला झोपेची ओढ सगळ्यात जास्त असते, म्हणून आठला झोपण्यावर माझा एवढा जोर आहे. रात्री काही कारणाने झोप झालीच नाही, मूल तापलं, तर निघू नका. रविवारी पहाटे याच वेळी निघा. एक दिवस कमी पडला तर ऑरलँडोत एक थीम पार्क कमी होईल, एवढंच.

बाल्टिमोरबद्दल एक सांगायला हवं. २६ मार्च २०२४ ला जहाजाच्या धडकेने फ्रान्सिस स्कॉट की पूल कोसळला, तेव्हापासून बंदर ओलांडायला तिथे दोन बोगदेच उरले आहेत, आय-९५ चा फोर्ट मॅकहेन्री आणि आय-८९५ चा हार्बर टनेल. त्यामुळे दुपारी तिथे पूर्वीपेक्षा जास्त दाटी होते. सकाळी सातला दोन्ही सारखेच, सरळ ९५ धरा.

वॉशिंग्टननंतर स्प्रिंगफील्डपासून फ्रेडरिक्सबर्गपर्यंत मधोमध एक्सप्रेस लेन आहेत. त्यांची दिशा बदलते. कामाच्या दिवशी सकाळी त्या वॉशिंग्टनकडे असतात, दुपारनंतर दक्षिणेकडे. टोल गर्दीप्रमाणे चढतो-उतरतो आणि आत शिरण्याआधी फलकावर दिसतो. गाडीत तीन किंवा जास्त माणसं असली तर त्या फुकट, पण त्यासाठी ई-झीपास (काचेवर लावायचा, टोल आपोआप कापणारा टॅग) यातलाच फ्लेक्स नावाचा वेगळा टॅग लागतो, ज्यावरची कळ सरकवून ठेवायची असते. तुमचा न्यू जर्सीचा साधा टॅग सहा माणसं बसलेली असली तरी पैसे कापेल. व्हर्जिनियाकडे खातं उघडून फ्लेक्स मागवता येतो. दरवर्षी जाणार असाल तर घ्या. बाकी टोलची चिंता करू नका, तोच साधा ई-झीपास मेरीलँडपासून फ्लोरिडापर्यंत सगळीकडे चालतो, फ्लोरिडासाठी तिथला वेगळा सनपास टॅग लागत नाही.

आता आय-८१. तुमच्या सहकाऱ्याचा सल्ला वाईट नाही, ऋतू चुकलाय. आय-७८ ने हॅरिसबर्ग, मग ८१ ने शेनान्डोआ खोऱ्यातून विथव्हिल, तिथून ७७ ने शार्लट आणि कोलंबिया, आणि शेवटी २६ ने पुन्हा ९५ ला. पाऊणशे-शंभर मैल जास्त पडतात, पण मोठं शहर जवळजवळ लागत नाही, टोल नगण्य, आणि ऑक्टोबरच्या मध्यात दोन्ही बाजूंच्या डोंगरांवर पानं रंगलेली असतात तेव्हा आई-बाबांना याच रस्त्याने न्यावं असं मीच म्हणेन. डिसेंबरमध्ये मात्र तिथे बर्फ लवकर धरतो, ट्रक अतोनात असतात, आणि ७७ वर व्हर्जिनियाची हद्द संपता संपता फॅन्सी गॅपचा उतार लागतो. तिथलं धुकं आमच्या ड्रायव्हरांनाही नकोसं वाटतं. ३१ मार्च २०१३ ला त्या उतारावर धुक्यात ९५ वाहनं एकमेकांवर आदळली होती. वडीलधाऱ्यांना घेऊन पहिल्यांदाच जाताना हे नको.

थंडीचा धोका ९५ वरही आहेच, तो विसरू नका. ३ जानेवारी २०२२ ला फ्रेडरिक्सबर्गजवळ बर्फाच्या वादळात ट्रक आडवे झाले आणि शेकडो गाड्या रात्रभर, काही तर चोवीस तासांहून जास्त अडकून पडल्या. व्हर्जिनियाचे सिनेटर टिम केन त्यात होते, त्यांना वॉशिंग्टनला पोहोचायला २७ तास लागले. एरवी दोन तासांचा तो रस्ता. त्या दिवसापासून रिचमंड मागे पडेपर्यंत मी टाकी अर्ध्याखाली जाऊ देत नाही. प्रत्येकी एक पांघरूण डिकीत नाही, हाताशी. पाणी, कोरडं खाणं, आई-बाबांची औषधं पर्समध्ये, छतावरच्या पेटीत नव्हे. आणि काच धुण्याचं पाणी थंडीत न गोठणारं भरा. मिठाचा चिखल काचेवर उडतो तेव्हा साधं निळं पाणी नळीतच गोठलेलं असतं आणि समोरचं काही दिसत नाही.

फ्रेडरिक्सबर्गनंतर रस्ता सोपा होतो. रिचमंडच्या आधी आय-२९५ लागतो, तो धरा. रिचमंड आणि पीटर्सबर्ग दोन्ही शहरांना वळसा घालून तो तुम्हाला परत ९५ वर आणून सोडतो. व्हर्जिनियात वेगाबद्दल मात्र जागरूक राहा. तिथे ताशी ८५ मैलांच्या वर किंवा मर्यादेपेक्षा २० मैल जास्त गेलात तर तो साधा दंड नसतो, बेफाम वाहन चालवण्याचा फौजदारी गुन्हा ठरतो. व्हिसावर असलेल्या माणसाने ती नोंद कपाळी घेऊ नये. रडार ओळखणारं यंत्रही तिथे बेकायदा आहे. जॉर्जियात ८५ च्या वर गेलात तर मूळ दंडाशिवाय राज्य आणखी २०० डॉलर मागतं. क्रूझ कंट्रोल ७० वर ठेवा आणि उजव्या लेनमध्ये राहा, या बाबतीत माझं मत ठाम आहे. कागदपत्रांत पासपोर्ट आणि आय-९४, म्हणजे अमेरिकेतल्या प्रवेशाची नोंद, सोबत असू द्या. आई-बाबांचंही.

पहिला मुक्काम नॉर्थ कॅरोलिनातलं फायेटव्हिल. घरापासून साधारण ५३० मैल, थांबत थांबत अकरा तास, म्हणजे दुपारी तीनच्या सुमारास खोलीत. डिसेंबरात पाचनंतर अंधार पडतो, त्याच्या आत पोहोचायचं. दुसऱ्या दिवशी फक्त अडीचशे मैल, जॉर्जियातलं सव्हाना. नऊला निघून दुपारी दोनच्या आत पोचाल. तिसऱ्या दिवशी उरलेले २८५ मैल, वाटेत सेंट ऑगस्टिन. पहिला दिवस मोठा आणि मग लहान लहान, असं मुद्दाम ठेवलंय. पहिल्या दिवशी मुलांना उत्साह असतो, आजी-आजोबांच्या अंगात ताकद असते. तिसऱ्या दिवशी कोणातच काही नसतं.

तुम्ही दोघंच असता तर दोन दिवसांत करा म्हटलं असतं, मुक्काम साउथ कॅरोलिनातल्या फ्लॉरेन्सला. वडीलधारी माणसं बरोबर असली की वेळ त्यांच्या शरीराने ठरवायचा. यातलं एक मला फार उशिरा कळलं. माझ्या सासूबाई प्रवासात पाणी पीत नसत. “थांबा” म्हणायला लागू नये, आपल्यामुळे मुलांचा खोळंबा होऊ नये, म्हणून सकाळपासून घोटभर चहावर. व्हर्जिनियातल्या एका रेस्ट एरियात त्या गाडीतून उतरल्या आणि चक्कर येऊन माझ्या अंगावरच आल्या. नंतर खोदून विचारलं तेव्हा खरं कारण सांगितलं. तेव्हापासून आमच्याकडे कोणी विचारत नाही, “थांबायचं का?” दर दोन तासांनी गाडी थांबतेच, कोणाला गरज असो वा नसो, आणि सगळे उतरतात. विचारलं की आई “नको, चालू दे” म्हणणारच, तुमच्याही म्हणतील. पाण्याची बाटली प्रत्येकाची वेगळी, नाव लिहून, म्हणजे कोणाची किती उरली ते न बोलता दिसतं.

या वयात तासन्‌तास पाय लटकत राहिले की सूज येते, पोटरीत रक्ताची गाठ होण्याची भीती असते. उतरल्यावर दहा मिनिटं चालायला लावा, गाडीत पावलं वरखाली करायला सांगा. पूर्वी असा त्रास झाला असेल, हृदयाचं किंवा मधुमेहाचं औषध चालू असेल, तर निघण्याआधी साताऱ्याच्या त्यांच्या डॉक्टरांशी फोनवर बोलून घ्या, दाबाचे मोजे घालायचे की नाही तेही तेच सांगतील. आणि त्यांना तिसऱ्या रांगेत बसवू नका. तिथे चढताना वाकून जावं लागतं आणि चाकांचे धक्के सगळ्यात जास्त तिथेच बसतात. मधल्या दोन स्वतंत्र खुर्च्या त्यांच्या, मागची रांग मुलांची, धाकट्याची बूस्टर सीट तिथेच. पुढच्या सीटवर जो मोठा बसेल त्याने जागं राहायचं, ते त्याचं काम.

थांबण्याच्या जागांचा एक फरक समजून घ्या. न्यू जर्सी टर्नपाइकवर, डेलावेअरात आणि मेरीलँडमध्ये रस्ता न सोडता खाणं, गॅस, स्वच्छतागृह सगळं एका जागी मिळतं. मेरीलँड हाउस मागे पडलं की ते संपलं. १९५६ च्या ज्या कायद्याने हे आंतरराज्य महामार्ग बांधले गेले, त्यानेच महामार्गाच्या हद्दीत दुकानं थाटायला बंदी घातली, म्हणजे एक्झिटवरच्या गावांचा धंदा बुडू नये. आधीपासूनचे टोलरस्ते तेवढे त्यातून सुटले. म्हणून व्हर्जिनियापासून खाली रेस्ट एरिया म्हणजे स्वच्छतागृह, बाकं, झाडं आणि नाणी टाकायची यंत्रं. आई-बाबांना याच जागा जास्त आवडतील. गर्दी नसते, बाकावर डबा उघडता येतो. पुढची किती मैलांवर आहे ते फलकावर लिहिलेलं असतं. चाळिशीतला आकडा दिसला तर थांबून घ्या.

गॅसबद्दल एक गोष्ट न्यू जर्सीकरांना सांगावीच लागते. आपल्याकडे १९४९ पासून स्वतः गॅस भरायला कायद्याने मनाई आहे, माणूस येऊन भरतो, त्यामुळे दोन वर्षांत तुम्ही कदाचित एकदाही पंप हातात धरला नसेल. डेलावेअर नदी ओलांडली की स्वतःच भरावा लागतो. पंप कार्डाचा झिप कोड विचारतो. निघण्याआधी आठवड्यात पेनसिल्व्हेनियात जाऊन एकदा भरून पाहा. साउथ कॅरोलिनात गॅस सहसा स्वस्त असतो, तिथे टाकी भरून घ्यावी. फ्लॉरेन्सजवळ एक्झिट १७० ला बकीजचं प्रचंड मोठं गॅस स्टेशन आहे, डझनावारी पंप आणि अतिशय स्वच्छ स्वच्छतागृहं. सुट्टीत आत जत्रा असते, मुलांचा हात सोडू नका.

मिनीव्हॅनचं दार उघडलंत की ड्रायव्हरच्या बाजूच्या खांबावर एक पिवळसर-पांढरा कागद दिसेल. माणसं आणि सामान मिळून किती पौंड, ते त्यावर लिहिलेलं असतं. समजा १,३०० असेल. चार मोठे आणि दोन मुलं मिळून पावणेआठशे झाले. उरले सव्वापाचशे. आपल्याला २३ किलोच्या विमानाच्या बॅगांची सवय, तशा सहा म्हणजे तीनशे पौंड. त्यात छतावरची पेटी, बर्फाचा कूलर, मुलांची स्कूटर धरलीत तर संपलंच. मऊ पिशव्या घ्या, प्रत्येकी एक. मुक्कामाचं सगळं एकाच छोट्या बॅगेत वेगळं काढा, म्हणजे फायेटव्हिलला रात्री अख्खी डिकी उपसावी लागत नाही. टायरमधली हवा घरी, गाडी गार असताना, त्याच कागदावरच्या आकड्याइतकी भरा. बाहेर दहा अंश फॅरनहाइट वाढले की टायरमधला दाब साधारण एक पीएसआय (त्याचं एकक) चढतो. न्यू जर्सीत २५ अंशांवर भरलेली हवा फ्लोरिडाच्या ७५ मध्ये पाचने वाढलेली दिसेल, ती काढू नका, परतीला लागणार आहे. बऱ्याच नव्या गाड्यांत जादा चाकच नसतं, फक्त पंक्चर बुजवायची बाटली असते. तुमच्याकडे काय आहे ते आज खाली जाऊन बघा.

खाण्याचं आई सांगतीलच, मी फक्त रस्त्यावर काय टिकलं ते लिहिते. दुधात भिजवलेल्या दशम्या आणि तिळाची किंवा लसणाची चटणी, दोन दिवस काही होत नाही. मेथीचे ठेपले, गूळपोळी, चिवडा. दहीभात पहिल्या दुपारपर्यंतच, कूलरमध्ये. थालीपीठ गार झालं की आमच्याकडे कोणी खात नाही. मोटेलच्या खोलीत कुकरमध्ये मुगाची खिचडी शिजवणारे मी पाहिलेत, पण फोडणी दिली की छतावरची धुराची घंटा वाजते आणि सगळी इमारत बाहेर येते. गरम पाण्याची विजेची किटली न्या आणि घरी भाजून मसाला घातलेला उपम्याचा रवा, पोह्यांची पाकिटं. सकाळच्या नाश्त्यात शाकाहारी माणसाला दलिया, फळं आणि ब्रेड यापलीकडे फारसं मिळत नाही.

खोली घेताना तळमजल्याची मागा. इथे तळमजल्यालाच पहिला मजला म्हणतात. खोलीचं दार आतल्या मार्गिकेत उघडणारी जागा निवडा, पार्किंगमध्ये उघडणारी नको. सहा माणसांना दोन खोल्या, आतून दाराने जोडलेल्या मिळाल्या तर फार बरं. रात्री बाबांना काही झालं तर चप्पल घालून बाहेर धावावं लागत नाही. या रस्त्यावरची कितीतरी मोटेलं गुजराती कुटुंबं चालवतात. सासूबाई काउंटरवर हिंदीत बोलायला लागल्या आणि साखरेचा चहा आतून आला, असं आमच्याकडे दोनदा झालंय. रद्द करण्याची मुदत मात्र नीट वाचा, काही ठिकाणी ती त्याच संध्याकाळची असते, सुट्टीत बहुतेक ठिकाणी आदल्या दिवसाची.

मुलांना मैलाचे दगड शिकवा. दक्षिणेकडच्या राज्यांत एक्झिटचा नंबर म्हणजे त्या राज्याच्या दक्षिण टोकापासूनचे मैल. व्हर्जिनियात शिरताना १७० च्या पुढे असतात, उतरत उतरत शून्याला आले की नॉर्थ कॅरोलिना, तिथे पुन्हा १८१ पासून. “अजून किती?” हा प्रश्न मुलं स्वतःच सोडवतात. उभे महामार्ग विषम, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाढणारे, म्हणून पॅसिफिकजवळ ५ आणि आपल्याकडे ९५. आडवे सम, दक्षिणेकडून उत्तरेकडे वाढणारे. त्यामुळे तुम्ही खाली जाल तसे आडवे रस्ते ६४, ४०, २०, २६, १६, १० असे भेटतील. मधलं २६ क्रम का मोडतं हे अकरा वर्षांच्या मुलाला नकाशावर शोधू द्या. ते तिरकं धावतं.

नॉर्थ आणि साउथ कॅरोलिनाच्या हद्दीवर साउथ ऑफ द बॉर्डर लागेल, त्याचे रंगीत फलक कितीतरी मैल आधीपासून दिसतात. मुलं हट्ट करतील, पंधरा मिनिटं पुरे. फोन मध्येच “चार मिनिटं वाचतील” म्हणून एखाद्या गावातल्या सिग्नलांच्या रस्त्यावर उतरवायला बघेल, तेव्हा ऐकू नका, तुमच्यासारख्या हजार गाड्यांना तो तेच सांगत असतो. रस्ता खरोखर बंद असेल तर ऐका. २०१६ आणि २०१८ च्या चक्रीवादळांत लंबरटनजवळ नदीचं पाणी ९५ वर आलं आणि तो बंद करावा लागला होता.

सव्हानात दुपार मोकळी ठेवलीय ती आई-बाबांसाठी. १७३३ मध्ये वसवलेलं शहर, चौकाचौकांची आखणी अजून तशीच, बावीस चौक टिकून आहेत, प्रत्येकात ओकची जुनी झाडं आणि बाकं. दोनशे पावलं चालायचं आणि बसायचं, असं शहर त्यांच्या गुडघ्यांना मानवतं. नदीकाठी उतरणारे दगडी जिने उंच आणि निसरडे आहेत, तिकडे त्यांना नेऊ नका.

तिसऱ्या दिवशी जॉर्जिया संपताच फ्लोरिडाचं स्वागत केंद्र लागतं. तिथे संत्र्याचा रस फुकट देतात, मुलांना आधीपासून सांगून ठेवा. मग जॅक्सनव्हिल, तिथे आय-२९५ च्या पूर्वेकडच्या फाट्याने गेलात तर डेम्स पॉइंटचा उंच पूल लागतो. आणि सेंट ऑगस्टिन. १५६५ पासून सलग वस्ती असलेलं हे गाव आहे. समुद्रकाठचा स्पॅनिश किल्ला १६७२ साली बांधायला घेतला, शिंपल्यांच्या चुऱ्यापासून बनलेल्या दगडाचा. तोफेचा गोळा लागला की तो दगड फुटायच्याऐवजी गोळाच आत रुतून बसायचा. मामंजी तटावर उभे राहून बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, “म्हणजे महाराजांच्या राज्याभिषेकाच्या दोन वर्षं आधी.” साताऱ्याच्या माणसाला तिथे दोन तास कमीच पडतील, दुपारचं जेवण उरकून मगच किल्ल्यावर जा.

तिथून डेटोनाला ९५ सोडून आय-४. ऑरलँडो शहरातून जाणारा आय-४ संध्याकाळी भयंकर तुंबतो. सॅनफर्डजवळ ४१७ हा टोलरस्ता फुटतो, तो शहराला वळसा घालून थेट पार्कांच्या बाजूला नेतो. टोल वाचवायची ही जागा नाही.

परतीला जमलं तर १ जानेवारीला सकाळी निघा. वर्षातला सगळ्यात मोकळा रस्ता मी त्या सकाळी पाहिलाय. रविवारवर ढकललंत तर फ्रेडरिक्सबर्ग ते वॉशिंग्टन उलट दिशेने तेच होईल. आणि परतताना वाटलंच की आई-बाबा पुरते थकलेत, तर सॅनफर्डहून लॉर्टनपर्यंत ऑटो ट्रेन जाते. संध्याकाळी निघते, गाडी मागच्या डब्यांत, माणसं पुढे, ८५५ मैल झोपेत, आणि सकाळी वॉशिंग्टनच्या दाराशी. सुट्टीतली तिकिटं महिनोन्‌महिने आधी संपतात, त्यामुळे पर्याय म्हणून का होईना, आज रात्रीच जागा बघून ठेवा.